सोडलेल्या जमिनीचा धर्म

नागपूर महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात सामान्य कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर यांच्या रांगेत वृक्ष कराचीही एक ओळ असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा तिचा आधार. रक्कम किरकोळ, म्हणून त्या ओळीशी कोणी थांबत नाही. पण धर्मविचारातला एक अवघड प्रश्न तिच्यात दडलेला आहे. माणूस आपल्या मिळकतीतला काही भाग अशा झाडांसाठी देतो, ज्यांच्या सावलीत तो कदाचित कधीच बसणार नाही. आणि अशा जमिनीसाठी देतो, जी कोणाच्याच नावावर चढणार नाही. हे देणे म्हणजे नेमके काय? सरकारी सेवेचे मोल, गरजूला केलेले दान, की या दोन्हींहून निराळे काही? अमेरिकेतल्या काही राज्यांत हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर छापला जातो. फ्लोरिडात नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांना विचारले गेले, की दस्तांवरच्या मुद्रांक शुल्काच्या निव्वळ उत्पन्नातला ३३ टक्के वाटा पुढची वीस वर्षे जमिनी विकत घेऊन राखण्यासाठी बाजूला काढावा का. सुमारे ७५ टक्के लोकांनी होकार दिला. नागपूरकराला असे कोणी कधी विचारलेले नाही. तो वृक्ष कर भरतो, उद्यानात फिरतो, तलाव आक्रसताना पाहतो. होकार मात्र त्याने दिलेला नाही, कारण तो मागितलाच गेला नाही. माझे म्हणणे असे, की सर्वांच्या पैशातून राखलेली मोकळी जमीन हे खरोखरचे धर्मकृत्य होऊ शकते, पण त्यासाठी नुसता कर पुरत नाही. ही जमीन आम्ही सर्वांसाठी सोडली, असा संकल्प देणाऱ्यांनी मिळून आणि उघडपणे करावा लागतो. तो झालेला नसेल तर राखलेली जमीन कोणीही, कधीही परत मागू शकतो, आणि नागपुरात नेमके तेच घडत आले आहे.

आपल्या धर्मशास्त्रात या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. पुण्यकर्माचे दोन वर्ग मानले गेले, इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तळे, देवालय, अन्नछत्र आणि बाग ही पूर्ते. इष्टाचा अधिकार द्विजांपुरता, पूर्ताचा मात्र सर्वांना, असे स्मृतींनी सांगितले. म्हणजे ज्या परंपरेने इतर बहुतेक दारे बहुसंख्यांना बंद केली होती, तिनेही बाग लावण्याचे दार उघडे ठेवले. त्याहून महत्त्वाचा भेद दान आणि उत्सर्ग यांच्यातला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तो स्पष्ट करून दाखवला. दानात देणारा आपले स्वामित्व सोडतो आणि ते दुसऱ्या ठरावीक व्यक्तीला मिळते. गाय ब्राह्मणाला दिली की ती ब्राह्मणाची झाली, दात्याने तिच्या दुधावर हक्क सांगायचा नाही. उत्सर्गात देणारा स्वामित्व सोडतो, पण ते कोणा एकाकडे जात नाही. तळे किंवा बाग सर्व प्राणिमात्रांसाठी सोडली जाते. म्हणूनच तळे बांधणारा स्वतःही त्या तळ्याचे पाणी पिऊ शकतो. मालक म्हणून नव्हे, सर्वांतला एक म्हणून. मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात मयूख नावाचे आपले बारा ग्रंथ लिहिले, तेव्हा दानाचा मयूख वेगळा ठेवला, मूर्तीच्या प्रतिष्ठेचा वेगळा आणि उत्सर्गाचा वेगळा. धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ रचणाऱ्या एका निबंधकाराला तीन स्वतंत्र ग्रंथांची गरज वाटली, यावरून या तीन कृत्यांमधले अंतर किती खोल मानले जात होते ते कळते.

हा भेद आजच्या सार्वजनिक उद्यानाला लावून पाहिला की बरेच काही उलगडते. उद्यानासाठी भरलेला कर दान मानला, तर घेणारा कोण हा प्रश्न येतो. सरकार? मग सरकार मालक झाले, आणि मालकाने आपली वस्तू विकली, भाड्याने दिली, तिच्यावर बांधकाम केले तर हरकत कशाची? तो सेवेचा मोबदला मानला तर आपण ग्राहक झालो; ज्याने जास्त मोजले त्याला जास्त सोय, आणि जो कधी फिरायलाच येत नाही त्याने का मोजावे, हेही रास्त. उद्यानांभोवतीची आपली बहुतेक भांडणे या दोन चुकीच्या समजुतींतून उगवतात. उत्सर्ग म्हटले की चित्र बदलते. कर भरणारा जमिनीत वाटा विकत घेत नाही, तो आपला वाटा सोडतो, आणि सोडल्यामुळेच तिथे बसायचा हक्क त्याला सर्वांबरोबर मिळतो. महापालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास यात मालक ठरत नाहीत, ते राखणदार ठरतात. आपल्या न्यायालयांनी हाच विचार दुसऱ्या वाटेने मांडला आहे. नैसर्गिक संपदा राज्याकडे लोकांची ठेव म्हणून असते हा सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धांत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात स्वीकारला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो थेट नागपुरात पोहोचला. भोसलेकालीन फुटाळा तलाव मानवनिर्मित असल्यामुळे पाणथळीच्या नियमांत बसत नाही असे न्यायालयाने म्हटले, पण मानवनिर्मित जलाशयही याच विश्वस्ततेखाली येतो, असे त्याच निकालात सांगितले. माणसाने बांधलेले तळे सर्वांचे कसे होते, हे जुन्या निबंधकारांना सांगावे लागले नसते.

बौद्ध परंपरा याच ठिकाणी आणखी एक गोष्ट पुढे आणते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या नागपुरात तिला बाहेरची परंपरा म्हणता येत नाही. जेतवनाची कथा सर्वांना ठाऊक आहे. जेत राजकुमाराला आपली बाग विकायची नव्हती. अनाथपिंडिकाने ती नाण्यांनी झाकून विकत घेतली आणि संघाला अर्पण केली. भारहूतच्या शिल्पात गाडीतून नाणी उतरवून जमिनीवर पसरणारी माणसे कोरलेली आहेत, आणि खालच्या लेखात जमीन कोटींच्या थराने विकत घेतल्याचा उल्लेख आहे. या कथेत पवित्र भूमीला किंमत होती आणि ती कोणीतरी पुरेपूर चुकती केली, ही गोष्ट लपवलेली नाही. उलट ती शिल्पाचा विषय झाली. ‘निसर्ग अनमोल आहे’ असे म्हणत जमिनीच्या किमतीचा विषय टाळणाऱ्या आजच्या भाबड्या बोलण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे. विनयपिटकात अनाथपिंडिकाने ही बाग चारी दिशांच्या संघाला दिली, आलेल्या आणि अजून न आलेल्या. घेणाऱ्यांमध्ये न जन्मलेल्यांची गणना इथे स्पष्टपणे झालेली आहे. संयुत्त निकायात एका देवतेचा प्रश्न आहे, की कोणाचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते. आणि उत्तरात बागा व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया आणि विहिरी करणारे येतात. विचार साधा आहे. अन्नदानाचे पुण्य अन्न संपले की थांबते. झाड वाढत राहते, म्हणून त्याचे पुण्यही.

आणि हे सगळे केवळ भावनेवर सोडलेले नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरायची ठेव, भिक्षुसंघासाठी विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा एक टक्का व्याज आणि एक हजारावर पाऊण टक्का. रक्कम परत मागायची नाही, व्याज तेवढे भोगायचे. भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने चार हजार कार्षापणांना एका ब्राह्मणाकडून शेतही विकत घेतले. आणि ही ठेव निगमसभेत ऐकवली गेली व नोंदवली गेली, असे लेख म्हणतो. जमीन विकत घेणे, ती राखायला कायमचा निधी ठेवणे, आणि हे सगळे नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवणे, या तीन गोष्टी जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवर एकत्र आल्या होत्या. आज आपल्याकडे पहिली अर्धीमुर्धी आहे, दुसरी वृक्ष कराच्या ओळीपुरती आहे. तिसरी कुठेच नाही.

ती नसल्यामुळे काय होते हे नागपूरच्या नकाशावर दिसते. नगररचनेच्या विकास आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी जमिनी आरक्षित होतात. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम १२७ असे सांगते, की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. एखाद्याची जमीन पैसे न देता पिढ्यानपिढ्या अडकवून ठेवणे हा कुठला धर्म? पण याचा अर्थ असा, की निधी नसेल तर नकाशावरची हिरवी खूण वेळ संपली की पुसली जाते, आणि ती पुसली जाताना शहराला कोणी विचारत नाही. झाडांच्या बाबतीत कायदा नागरिकाला एक हक्क देतो: झाडे तोडायची असली की जाहीर नोटीस निघते आणि हरकती मागवल्या जातात. अजनीच्या रेल्वे वसाहतीतल्या दाट झाडीवर इंटरमॉडेल स्थानकाचा प्रकल्प आला, तेव्हा २०२१ मध्ये नागपूरकरांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या, अजनी वन हे नाव घरोघरी पोहोचले आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. त्या लोकांनी शहरासाठी मोठे काम केले. तरी हरकत आणि संकल्प यांत अंतर आहे. हरकत दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयावर असते, तीही प्रत्येक वेळी नव्याने, प्रत्येक झाडासाठी, ठरलेल्या मुदतीत. ज्या समाजाला केवळ हरकत घेता येते, त्याला आपली बाग दर पाच वर्षांनी पुन्हा जिंकावी लागते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर शहर प्रशासकाच्या हाती गेले, तेव्हा तर हरकती ऐकायला निवडून आलेले सभागृहही उरले नव्हते.

पहिला आक्षेप धर्माच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. पुण्य हे मनापासून दिल्यात असते. कर सक्तीने घेतला जातो. सक्तीच्या देण्यात पुण्य कसले? कर चुकवता आला असता तर चुकवलाच असता असा माणूस वृक्ष कर भरून धार्मिक ठरत नाही, हे मान्य. पण या आक्षेपात देणाऱ्याच्या मनाची चौकशी आहे, आणि उत्सर्गाच्या विचारात मुख्य चौकशी जमिनीची आहे. ती मोकळी झाली का, कोणासाठी झाली, परत घेता येईल का, हे तिथले प्रश्न. शिवाय सक्ती दोन प्रकारची असते. वरून आलेली एक, आणि माणसांनी मिळून स्वतःवर घातलेली दुसरी. मतदानाने कर स्वीकारणारा समाज स्वतःला बांधून घेतो, आणि स्वतःला बांधून घेणे म्हणजेच व्रत. एकादशी पाळणाऱ्याला दुपारी भूक लागते म्हणून त्याचा उपवास सक्तीचा ठरत नाही. महाराष्ट्राने हे एकदा करून पाहिले आहे. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला; शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळाले, आणि दुष्काळाच्या आठवणी ताज्या असलेल्या राज्याने तो भार उचलला. त्या कराला कोणी भीक म्हटले नाही, दानही म्हटले नाही. ते आपले कर्तव्य आहे ही समज तेव्हा सार्वजनिक होती. मतदानात हरलेल्यांवर मात्र अन्याय होतो, हे खरे आहे, आणि तो पूर्ण टळत नाही. पण उत्सर्गाची जमीन हरलेल्यालाही तितकीच खुली असते. ज्याने विरोधात मत दिले त्याचे मूल त्याच घसरगुंडीवर खेळते. बहुमताच्या बहुतेक निर्णयांबद्दल इतके म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे, आणि तो टोचू न देता पुढे जाणे मला अधर्म वाटतो. ज्या शहरात माणसे नाल्याच्या काठावर राहतात, तिथे झाडांसाठी जमीन विकत घ्यायची? यातला अर्धा भाग २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेने निकालात काढला. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, माणसे दगावली. पाण्याला पसरायला मोकळी जागा उरली नाही की ते आधी खालच्या वस्तीत जाते. ज्याच्याकडे शेतघर आहे, फिरायला क्लब आहे, त्याला सार्वजनिक मैदानाची गरज कमी. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला ती सर्वांत जास्त. पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग उभाच राहतो, कारण ‘सर्वांसाठी’ या शब्दाने आपल्याकडे फार मोठी फसवणूक झालेली आहे. सर्व प्राणिमात्रांसाठी सोडलेल्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मज्जाव होता. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, तो सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या पाणवठ्यांबद्दल होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे म्हटले. आणि तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर चालत जावे लागले. पुढे सनातनी पक्षाने न्यायालयात जाऊन ते तळे खाजगी असल्याचा दावा केला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ज्यांना सर्वांमधून वगळायचे असते त्यांच्यासमोर मालकीचा कागद पुढे केला जातो, हा त्या खटल्यातून घ्यायचा धडा आहे.

त्याच धड्यातून संविधानाचा अनुच्छेद १५(२) आला. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा, ज्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखल्या जातात किंवा सामान्य जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेल्या आहेत, त्यांच्या वापरात धर्म, जात, लिंग यांवरून कोणाला अडवता येणार नाही, असे तो सांगतो. राज्याचा निधी आणि जनतेला समर्पण, दोन्ही एकाच वाक्यात. उत्सर्गाची जुनी कल्पना इथे प्रथमच पुरती झाली, कारण ‘सर्व’ कोण याचा निर्णय दात्याच्या हाती राहिला नाही. म्हणून नागपुरात मोकळ्या जमिनीसाठी निधी मागणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे, की त्या जमिनीवरून कोणाला उठवले जाणार आहे आणि त्याला कुठे घर मिळणार आहे. ताडोबा, मेळघाट, पेंचच्या जंगलांतून गावे हलवली गेली, हे विदर्भाला नवीन नाही. कोणाचा तरी संसार मोडून राखलेली हिरवळ सर्वांची होत नाही. ती वाटा न मिळालेल्याच्या खर्चाने वाढलेली असते. प्रवेश शुल्काबद्दलही हेच. उद्यान ठेकेदाराला चालवायला देऊन दारावर तिकीट लावले, की सोडलेली वस्तू पुन्हा कोणाच्या तरी ताब्यात जाते, मग फलकावर महापालिकेचे नाव असो वा नसो.

तिसरा आक्षेप असा, की लोकांना विचारलेत तर लोक बागेत देऊळ मागतील. हे काल्पनिक नाही. मोकळ्या भूखंडावर आधी एक शेंदूर लावलेला दगड येतो, मग ओटा, मग छप्पर, मग सभामंडप. इतर धर्मांच्या जागाही अशाच वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागांवर नवी धार्मिक बांधकामे होऊ देऊ नका असे राज्यांना बजावले. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाच्या आदेशांनंतर महापालिका आणि सुधार प्रन्यास यांनी शहरातली अनेक अनधिकृत धार्मिक स्थळे हटवली, तेव्हा रस्त्यावर मोठा संताप उतरला. त्या संतापातली श्रद्धा खोटी नव्हती. पण श्रद्धेच्याच भाषेत तिला उत्तर देता येते. जी वस्तू तुम्ही सोडली ती तुम्ही देवालाही देऊ शकत नाही, कारण देण्याचा अधिकारच तुमच्याकडे उरलेला नाही. प्रतिष्ठा आणि उत्सर्ग ही वेगळी कृत्ये मानणाऱ्या परंपरेत उत्सर्ग केलेल्या जागेवर मूर्तीची प्रतिष्ठा करणे हा अपहारच आहे, मूर्ती कोणाचीही असो. अंबाझरीच्या सांडव्यापुढे उभारलेले विवेकानंद स्मारक पाण्याच्या वाटेत येते का, हा प्रश्न पुरानंतर उच्च न्यायालयात गेला. आदर कितीही खरा असला तरी पाण्याची वाट अडवणाऱ्या आदराचा हिशेब खालच्या वस्त्यांना चुकता करावा लागतो. म्हणून मतदानाचा प्रश्न नीट लिहिला पाहिजे. या जागेवर काय बांधावे असा तो नसावा. ही जागा कोणीही, कधीही न बांधण्यासाठी सोडावी का, असा असावा. सोडण्यावर मत घेता येते. बळकावण्यावर घेता येत नाही.

मतदान झाले म्हणजे काम झाले, असे मात्र मुळीच नाही. फ्लोरिडात होकार मिळाल्यावर विधिमंडळाने त्या निधीचा मोठा भाग खात्यांच्या चालू खर्चाकडे वळवला, आणि मतदारांच्या संस्थांना न्यायालयात जावे लागले. एकदा मत देऊन घरी गेलेल्यांचा संकल्प असाच वितळतो. इथे विदर्भाकडे जगाला सांगण्यासारखे काही आहे. पवनारच्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. पुढे देशभर चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन कागदावर आली, पण तिचा फार मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही. भूदान हे दान होते. एकट्या दात्याच्या हृदयपालटावर उभे, आणि हृदय पुन्हा पालटू शकते. विनोबा स्वतः सगळ्या गावाने मिळून करायच्या ग्रामदानाकडे वळले ते यामुळेच असावे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड गावाने वेगळी रीत घडवली. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि सहमती होईपर्यंत अभ्यासगट बसतात. या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांत त्याची गणना झाली. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपली खाजगी शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. जमीन कसणारे तेच राहिले, मालक म्हणून मात्र कोणी उरले नाही. सर्वांतला एक म्हणून वापर, ही उत्सर्गाची अट इथे शेतालाही लागू झाली. त्याच वर्षी ओडिशात, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, बारा ग्रामसभांनी नियमगिरीवरचे खाणकाम एकामागून एक फेटाळले. पर्वत हा नियमराजा या देवाचा आहे ही डोंगरिया कोंधांची धर्मभावना न्यायालयाने ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगी मानली, आणि ग्रामसभांनी ती जाहीर सभेत बोलून दाखवली. उषवदाताच्या निगमसभेपासून हे फार दूर नाही.

देवराईचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल, की आपल्या पूर्वजांनी कर न घेता, मत न मागता वने राखली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यात या व्यवस्थेचे सामर्थ्य दिसते आणि तिची नाजूक बाजूही दिसते. देवराई देवाच्या धाकावर आणि सीमा ओळखणाऱ्या गावावर टिकली. लाकडाला भाव आला, रस्ता आला, धाक ओसरला, तिथे ती गेली. तीस लाखांच्या आसपासच्या, शेजाऱ्याचे नाव न विचारणाऱ्या शहराला धाक परत आणता येणार नाही आणि आणूही नये. त्याची जागा समजून दिलेला होकारच घेऊ शकतो. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची सभा. ती कागदावरच पडून आहे. तिथे दर वर्षी तीन गोष्टी मांडल्या जाव्यात: या भागातले कोणते आरक्षण व्यपगत होण्याच्या वाटेवर आहे, वृक्ष कराचे किती रुपये जमले आणि कुठे गेले, आणि कोणता तुकडा विकत घेऊन कायमचा सोडावा. घरपट्टीत त्यासाठी थोडी वाढ मान्य आहे का, हेही तिथेच विचारावे, आणि उत्तर नाही असे आले तर ते नाही म्हणूनच नोंदवावे.

शेवटी एक शंका उरते, आणि ती धर्माइतकीच न्यायाची आहे: आजच्या पिढीने उद्याच्या पिढीचे हात का बांधावे? त्यांना तिथे रुग्णालय हवे असेल तर? नाणी पसरून घेतलेली बाग ज्यांना दिली गेली त्यांच्यात अजून न आलेले होते, पण त्यांचे मत घेता आले नव्हते. तरीही दोन चुकांचे वजन सारखे नसते. मोकळी ठेवलेली जमीन चूक ठरली तर पुढची माणसे एका हंगामात तिच्यावर इमारत उभी करू शकतील. बुजवलेले तळे किंवा तोडलेली पन्नास वर्षांची झाडी चूक ठरली तर त्यांच्या हाती दुरुस्तीचा उपाय राहत नाही. राखलेल्या जमिनीत न जन्मलेल्यांचे मत शाबूत राहते, बांधलेल्या जमिनीत ते आपण त्यांच्या वतीने आधीच देऊन टाकतो. म्हणून उत्सर्ग मोडायचाच असेल तर तो करताना लागला त्याहून मोठा होकार मोडताना लागावा, आणि तोही त्याच सभेत, त्याच शेजाऱ्यांसमोर, हात वर करून दिलेला असावा.